जंतू आतड्याला चिकटण्याआधी: वासराच्या पहिल्या चार दिवसांचं काम

सांगली जिल्ह्यात म्हशी विण्याचा हंगाम भर पावसात सुरू होतो आणि दिवाळीच्या पुढंही चालतो. गोठ्याची जमीन नेमकी तेव्हाच ओली असते, खाली अंथरलेलं पाचट कुजलेलं असतं, शेण वेळेवर निघत नाही. रेडकू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळट-पांढरं, पाण्यासारखं हगायला लागतं. संध्याकाळी दूध पिणारं सकाळी मान टाकून पडलेलं असतं. मग मेडिकलमधून गोळ्या, कुणीतरी सांगितलेला काढा, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरला फोन. पलूस-कडेगाव भागात मी जनावरं तपासतो. माझा अनुभव असा की औषधानं वाचवायची वेळ आली म्हणजे निम्मी लढाई आधीच हरलेली असते. म्हणून इथं गोळ्या-इंजेक्शनचं कमी आणि त्याच्या आधीच्या काही तासांचं जास्त सांगतो. ते तास का महत्त्वाचे, हे कळायला जंतू आतड्याला धरतो कसा ते आधी समजून घ्यावं लागेल.

जंतू पोटात जाणं वेगळं, चिकटणं वेगळं

वासराच्या पोटात पहिल्याच दिवशी लाखो जंतू जातात. ते टाळता येत नाही. पण पोटात गेलेला प्रत्येक जंतू हगवण लावत नाही. आतडं सतत हलत असतं, आतला ऐवज पुढं ढकलत असतं. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो झडतो आणि नवा येतो. शिवाय जंतूच्या अंगावर आणि आतड्याच्या पेशीवर, दोन्हीकडे ऋण विद्युतभार असतो. म्हणजे जंतू अगदी जवळ आला तरी दोघं एकमेकांना लांबच सारतात. ज्याला धरायला काही सापडलं नाही तो शेणावाटे बाहेर पडतो.

नवजात वासरांना हगवण लावणाऱ्या, ई. कोलाय नावाच्या जंतूच्या जातींनी यावर तोड काढलीय. त्यांच्या अंगावर अतिशय बारीक, प्रथिनांचे केस असतात. केस इतका बारीक की दोन्ही भारांच्या रेटारेटीतून तो सहज पलीकडं पोचतो. वासरांच्या बाबतीत या केसांचं नाव के-९९. नव्या पुस्तकांत एफ-५ म्हणतात. आतड्याच्या पेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात, त्यांतली एक ठरावीक साखळीच हा केस ओळखतो. आघाड्याचं बी धोतराला लागतं पण पत्र्याला लागत नाही, तसंच हे. साखळी असेल तिथंच पकड बसते. माणसाचं शरीर त्या साखळीतली मुख्य साखर तयारच करत नाही, म्हणून हा केस माणसाच्या आतड्यावर पकड घेत नाही. (वासराच्या हगवणीतले बाकीचे जंतू मात्र माणसाला लागतात, त्याबद्दल पुढं.)

आता कामाची गोष्ट. वासराच्या आतड्यावर ही साखळी जन्मताना भरपूर असते आणि वय वाढेल तशी कमी होत जाते. त्यामुळं के-९९ ची हगवण मुख्यतः पहिल्या तीन-चार दिवसांत येते. त्यानंतर हा जंतू एकटा सहसा काही करू शकत नाही. रोटा विषाणू सोबत असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं असं की बाहेर थंड शेणात असताना जंतूच्या अंगावर हे केस नसतातच. वासराच्या पोटातली ऊब मिळाली की ते उगवतात, आणि आम्ल जास्त असेल तिथं कमी उगवतात. म्हणून पकड आधी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसते आणि तिथून वर सरकते. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या पोटात आम्लही फारसं नसतं, म्हणजे तो अडथळाही जंतूला पहिल्या दिवशी नसतो.

केस हेच मूळ कारण, हे कळलं डुकरांवरून. इंग्लंडमध्ये स्मिथ आणि लिंगूड यांनी १९७१ साली दाखवलं की पिल्लांना हगवण लावणाऱ्या ई. कोलायचे केस काढून टाकले, तर विष तयार करायची ताकद शाबूत असूनही तो पिल्लांना आजारी पाडू शकत नाही. १९७५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढं आली: काही डुकरांच्या आतड्यावर त्या केसाला धरायला जागाच नसते, आणि ती पिल्लं आजारी पडत नाहीत. मला ही दोन्ही कामं पन्नास औषधांच्या जाहिरातींपेक्षा मोलाची वाटतात. जंतू मारला नाही, फक्त त्याला धरू दिलं नाही, तरी पुरतं.

एकदा पकड बसली की जंतू तिथंच वाढतो आणि एक छोटं विष सोडतो. उकळलं तरी ते विष सहज मोडत नाही. त्या विषानं पेशी क्षार आतड्याच्या पोकळीत ओतायला लागतात आणि त्यामागं पाणी जातं. पस्तीस-चाळीस किलोच्या वासराचं तीन-चार लिटर पाणी एका दिवसात जाऊ शकतं. वासरू जंतूनं मरत नाही, पाणी आणि क्षार गेल्यानं मरतं. पण इथं एक दिलासा आहे. हे विष आतड्याचं अस्तर फाडत नाही. ग्लुकोज आणि मीठ एकत्र आत घेणारी वाट उघडीच राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजताना लागेल.

व्यायच्या आधी

गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत जनावर आटवलं पाहिजे, म्हणजे दूध काढणं थांबवलं पाहिजे. किमान ४५ ते ६० दिवस कास मोकळी राहिली तर चीक चांगला येतो. के-९९ विरुद्धची लस गाभण जनावराला शेवटच्या दीड-दोन महिन्यांत देतात. तिचा फायदा आईला नाही, चिकातून वासराला होतो. एकामागून एक वासरं दगावलेल्या गोठ्यात डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. एखादंच वासरू कधीतरी हगलं असेल तर मी आधी लसीपेक्षा जागेकडं बघतो.

जागा म्हणजे व्यायची जागा. आजारी जनावर जिथं बांधता तिथं व्यायला बांधू नका. जुनं पाचट पूर्ण काढा, जमीन घासून धुवा, वाळू द्या, मग चुना टाका. शेणावरच चुना भुरभुरला तर चुना वाया जातो; शेण असेल तिथं कुठलंही जंतुनाशक निम्म्या ताकदीनंही चालत नाही. नवं पाचट किंवा भाताचा पेंढा जाड अंथरा. कोरडं आहे का हे बघायला गुडघे टेकून थोडा वेळ बसा. गुडघे ओले झाले तर अजून अंथरायला हवं. ऊस तोडीच्या दिवसांत पाचटाला तोटा नसतो, पण पावसाळ्यात कोरडं पाचट मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यातच एखादी गंजी झाकून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या ज्यांच्या गोठ्यात पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिला तास

वासरू पडलं की नाकातोंडातला चिकट द्रव पुसा, आईला चाटू द्या. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसतं वरून थेंब टाकणं पुरत नाही. नाळेतून शिरणारे जंतू वेगळ्या वाटेनं रक्तात जातात, पण काम एका मिनिटाचं आहे, करून टाका.

मग कास. वासरू सड शोधताना कास, मांड्या, शेपटी, जे समोर येईल ते चोखतं. कासेवर शेण असेल तर वासराच्या तोंडात चिकाच्या आधी शेण जातं. मग शर्यत जंतूनं जिंकलेली असते: आतड्यावर आधी जंतू जाऊन बसतो, चीक मागून येतो. शिवाय आतड्यात आधीच जंतू वाढले असतील तर चिकातली प्रतिद्रव्यं (रोगाशी लढणारी प्रथिनं) रक्तात नीट जातही नाहीत. म्हणून कास कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं पुसून कोरडी करा आणि प्रत्येक सडातल्या पहिल्या दोन-तीन धारा बाजूला टाका.

चीक: या लेखातलं सगळ्यात मोठं काम

गाय-म्हशीचं वासरू आईच्या पोटात असताना त्याला आईकडून प्रतिद्रव्यं मिळत नाहीत. जन्मतः त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. सगळं चिकातून यायचं. आणि आतडं ही प्रतिद्रव्यं सबंधच्या सबंध रक्तात घेऊ शकतं ते फक्त पहिल्या दिवशी. तेसुद्धा तासागणिक कमी होत जातं आणि चोवीस तासांत ती वाट जवळजवळ बंद होते.

चिकाचं दुसरं काम लोकांना कमी माहीत आहे. आतड्याच्या पोकळीत उरलेली प्रतिद्रव्यं जंतूच्या केसांवर जाऊन बसतात. केस झाकला गेला की त्याला पेशीवरची साखळी धरता येत नाही, जंतू शेणाबरोबर निघून जातो. म्हणून पहिल्या दिवसानंतर रक्तात काही जात नसलं, तरी तीन-चार दिवस चीक पाजत राहणं वाया जात नाही. के-९९ ला धरायला जागा असते तेही हेच दिवस.

आता आपल्याकडची अडचण. गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर म्हैस पहाटे व्यालेली, मी गेलो तेव्हा ऊन वर आलेलं आणि रेडकू उपाशी. घरातल्या काकी ठाम होत्या (वार म्हणजे व्याल्यावर पडणारी झार): "वार पडल्याबिगर चीक काढायचा न्हाई डॉक्टर, वार अडकतीया." मी म्हटलं, "काकी, उलटं आहे. रेडकू सडाला लागलं की जी कळ येते, त्या कळेनंच वार सुटायला मदत होते. आणि वार पडायला दुपार झाली तर रेडकाला तोवर काय?" त्यांचं समाधान झालं नाही, पण नातवानं चीक काढला. वार पडायला आठ-बारा तास लागणं अगदी नेहमीचं आहे. तेवढा वेळ वासरू उपाशी ठेवायचं म्हणजे प्रतिद्रव्यं घेण्याचे सगळ्यात चांगले तास घालवायचे. बारा तासांनंतरही वार पडली नाही तर डॉक्टरला बोलवा. वासराला उपाशी ठेवून ती पडणार नाही.

किती आणि कधी? पहिला चीक दोन तासांच्या आत. पहिल्या वेळेला वासराच्या वजनाचा दहावा भाग: तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, चाळीस किलोच्या संकरित गाईच्या वासराला चार. एका दमात एवढं पीत नसेल तर अर्धा-पाऊण तासाच्या अंतरानं दोनदा. मग आठ ते बारा तासांनी पुन्हा दोन लिटर. 'आईला पाजलंय' यावर समाधान मानू नका. बरीच वासरं नुसती चुटूचुटू चोखतात आणि पुरेसं पीत नाहीत. काढून बाटलीनं पाजलं म्हणजे किती पोटात गेलं ते कळतं. पाजताना वासराची मान नैसर्गिक उंचीवर ठेवा, तोंड आभाळाकडं करून ओतू नका, चीक फुफ्फुसात जातो.

चीक चांगला आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. घट्ट पिवळा चीक कमी ताकदीचा निघतो आणि पातळ दिसणारा चांगला, असं होतं. इथं तासगाव-पलूस पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांना एक सोय घरातच आहे. मण्यांची साखर बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो ना, त्याच्या काचेवर चिकाचा एक थेंब टाका. गाईच्या चिकाला २२ ब्रिक्स (त्या यंत्रावरचं माप) किंवा वर आलं तर चीक उत्तम. १८ च्या खाली असेल तर दुसऱ्या जनावराचा साठवलेला चांगला चीक पाजा. वापरून झाल्यावर काच पुसा, नाहीतर द्राक्षाचं माप चुकेल आणि शिव्या मला बसतील.

साठवायचा चीक असा: ज्या जनावराला भरपूर आणि चांगला येतो त्याचा पहिल्याच वेळी काढलेला चीक एक-एक लिटरच्या पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये. लागला की कोमट पाण्यात पिशवी ठेवून वितळवा, हात सहन करेल इतकंच गरम पाणी. गॅसवर ठेवू नका. खरवस घट्ट होतो तो याच प्रथिनांमुळं. भांड्यात एकदा ती साकळली की वासराला त्यांचा उपयोग नाही. आणि खरवसाचं राहिलं म्हणून सांगतो, शेजारीपाजारी चीक वाटायची आपली रीत मला आवडते, पण पहिला चीक वाटू नका. दुसऱ्या दिवसाचा वाटा, खरवस तोही होतो.

बाटली आणि निपल

जंतू आतड्यालाच चिकटतात असं नाही. निपलच्या रबरात, बाटलीच्या गळ्यात दुधाचा पातळ थर राहिला की त्यावर जंतू स्वतःचा चिकट लेप धरतात, आणि मग नुसत्या पाण्यानं तो जात नाही. आधी कोमट पाण्यानं खंगाळा. सुरुवातीलाच उकळतं ओतलं तर दुधाचं प्रथिन भांड्याला बसतं. मग गरम पाणी, साबण आणि ब्रश. ब्रश महत्त्वाचा, घासल्याशिवाय लेप सुटत नाही. शेवटी उलटं टांगून पूर्ण कोरडं करा. ओली बाटली झाकून ठेवणं म्हणजे सगळं धुणं फुकट. हगणाऱ्या वासराची बाटली वेगळी. निरोगी वासरांना आधी पाजा, आजारी शेवटी.

हगवण लागलीच तर

आधी वय बघा. पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी हगवण असेल तर के-९९ चा संशय मोठा. पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याअखेर बहुतेक वेळा रोटा किंवा वासरांचा कोरोना हे विषाणू, नाहीतर क्रिप्टो (क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी). हे जंतू अस्तराचीच हानी करतात. रक्त-आव आणि ताप असेल तर साल्मोनेला हा जंतू किंवा, तीन आठवड्यांच्या पुढं, कॉक्सिडिया हा परजीवी. दोन आठवड्यांच्या पुढच्या रेडकात मोठे गोल जंत विसरू नका. ते आईच्या दुधातूनच येतात, आणि त्यावर जंताचं औषध लागतं, अँटिबायोटिक नाही.

मग पाणी किती गेलंय ते बघा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा; दोन सेकंदांत सपाट झाली तर ठीक, उभी राहिली तर पाणी बरंच गेलंय. डोळा खोबणीत आत गेलाय का? तोंडात बोट घाला: चोखतं का, तोंड गरम आहे का? चोखत असेल तर तोंडानं पाजून काम होईल. चोखत नाही, तोंड थंड, उठत नाही, असं असेल तर शिरेतून सलाईन लागतं; पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

पाजायचं काय? एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात २५ ग्रॅम ग्लुकोज पावडर (दोन सपाट मोठे चमचे), ४ ग्रॅम मीठ (पाऊण लहान चमचा) आणि ४ ग्रॅम खाण्याचा सोडा (सपाट लहान चमच्याला थोडा कमी). माणसांच्या घरगुती साखर-मीठ पाण्यासारखी घरातली साखर घालू नका. ती पचवायचं विकर वासराच्या आतड्यात नसतं. साखर तशीच राहते, आणखी पाणी ओढते आणि हगवण वाढते. ग्लुकोजच हवं, कारण मघाशी म्हटलं ती उघडी वाट ग्लुकोजचीच आहे. एका वेळेला दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट चालतं, पाकिटावरच्या मापानं.

"दूध बंद करू का?" हा प्रश्न मला रोज येतो. बंद करू नका. के-९९ च्या हगवणीत अस्तर शाबूत असतं, दूध पचतं, आणि दूध तोडलं की वासरू भुकेनं खंगतं. थोडं-थोडं, जास्त वेळा पाजा. फक्त सोडा घातलेलं पाणी आणि दूध एकत्र देऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. सोड्यानं पोटात दूध नीट साकळत नाही.

माणसांच्या हगवण थांबवायच्या गोळ्या अजिबात नकोत. त्या आतड्याची हालचाल थांबवतात. बाहेर पडणारं पाणी दिसायचं थांबतं, पण आतडं जंतूंना पुढं ढकलायचंही थांबवतं. म्हणजे जंतूला धरून बसायला निवांत वेळ. अँटिबायोटिक ताप असेल, वासरू मलूल असेल तर डॉक्टर देतील. रोटा-क्रिप्टोवर ते चालतच नाही, आणि नुसत्या पातळ शेणावर स्वतःच्या मनानं दिलं तर गोठ्यात औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात.

आजारी वासरू वेगळं बांधा, नाकाला नाक लागणार नाही इतकं लांब. त्याचं काम शेवटी करा, हात साबणानं धुवा, आणि लहान पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका. साल्मोनेला आणि क्रिप्टो पोरांना सहज लागतात.

एकाच हंगामात दोन-तीन वासरं हगली तर अंदाजानं चालू नका. हगवण लागल्या दिवशीच, अँटिबायोटिक द्यायच्या आधी, ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, बर्फात ठेवा आणि डॉक्टरांना सांगून तपासायला पाठवा. साताऱ्याच्या बाजूला असाल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. डबीवर वासराचं वय दिवसांत लिहा, पहिला चीक किती वाजता पाजला तेही लिहा. प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आधी त्या दोन ओळींवरूनच मला बहुतेक वेळा अंदाज येतो.